आतली आंबटता कुणी, कशी पाहिली?



साडीवर हळद सांडली की आपण त्या डागावर साबण घासतो आणि डाग जायचा सोडून लाल होतो. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. मुरगळलेल्या पायाला हळद-चुन्याचा लेप लावतो, तोही लालच होतो. हळद पिवळी, चुना पांढरा, मग हा लाल आला कुठून? साबण, चुना, धुण्याचा सोडा हे झाले क्षार. लिंबू, चिंच, ताक ही आम्लं. क्षाराशी गाठ पडली की हळद लाल होते आणि आम्ल भेटलं की पिवळ्यावर येते. म्हणजे समोरचा पदार्थ कोणत्या बाजूचा आहे, हे हळद रंग बदलून सांगते. आजची सगळी गोष्ट अशा रंग बदलणाऱ्या आणि पुढं पुढं उजेड देणाऱ्या वस्तूंची आहे. माणसांनी त्या जिवंत शरीराच्या आत पाठवल्या आणि तिथली आंबटता विचारली.

हा विषय घ्यायला एक कारण झालं. मध्यंतरी आमच्या गटांच्या बैठकीत पाण्याचं मशीन विकणारा एक माणूस आला होता. त्यानं दोन पेले मांडले, एकात आपलं बोअरचं पाणी आणि दुसऱ्यात मशीनचं. दोन्हींत थेंब टाकले. एक पेला पिवळसर झाला, दुसरा निळा-जांभळा. "तुमचं रक्त आंबट झालंय ताई, आंबट रक्तात कॅन्सर वाढतो, हे पाणी प्या," असं तो म्हणाला. मशीनची किंमत गटाच्या वर्षभराच्या बचतीहून जास्त होती. त्या दिवशी कुणी मशीन घेतलं नाही, पण बायकांच्या मनात शंका राहिली. रक्त खरंच आंबट होतं का? ते कुणी मोजलं? कसं मोजलं? त्याचं उत्तर द्यायला आम्हाला जुनी पुस्तकं उघडावी लागली आणि गोष्ट दोनशे वर्षं मागं गेली.

त्याच्याही आधीचं थोडक्यात सांगतो. रॉबर्ट बॉइल नावाच्या शास्त्रज्ञानं इंग्लंडमध्ये 1664 साली रंगांवर एक पुस्तक छापलं. जांभळ्या फुलांचं सरबत आम्लात लाल आणि क्षारात हिरवं होतं, हे त्यानं त्यात मांडलं. शाळेत मुलं वापरतात तो लिटमसचा कागदही असाच. लिटमस ज्यापासून काढतात ते आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतलं. स्वयंपाकघरातून आणि रंगाऱ्याच्या हौदातून शास्त्रज्ञांना पहिली साधनं मिळाली, हे आम्हाला फार बरं वाटलं.

पण ही सगळी परीक्षा पेल्यातली होती. पोटात काय आहे ते कोण बघणार? पोट उघडल्याशिवाय दिसत नाही आणि उघडलं तर माणूस जगत नाही.

6 जून 1822 ला अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर, कातडी-केसाळ चामड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात एक बंदूक चुकून उडाली. समोर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा कॅनडाचा तरुण मजूर उभा होता. छर्रे त्याच्या बरगड्यांखाली घुसले आणि जठराला भोक पडलं. बेटावरच्या लष्करी ठाण्याचा डॉक्टर विल्यम बोमाँट यानं त्याच्यावर उपचार केले, तो वाचेल अशी आशा मात्र कुणालाच नव्हती. मार्टिन वाचला. जखम भरली, पण भोक बुजलं नाही. जठराचा काठ कातडीला चिकटला आणि पोटाला कायमची खिडकी राहिली.

मार्टिनच्या हातात पैसा नव्हता, मजुरी करायची ताकद उरली नव्हती. बोमाँटनं त्याला घरी ठेवून घेतलं. तो लाकडं फोडायचा, घरची कामं करायचा. 1825 पासून बोमाँटनं त्याच्यावर प्रयोग सुरू केले. मांसाचा तुकडा, पावाचा तुकडा, कोबी असं एकेक रेशमी दोऱ्याला बांधून तो भोकातून आत सोडायचा आणि थोड्या वेळानं ओढून बघायचा, काय विरघळलं, किती विरघळलं. नळीनं आतला रस काढून बाटलीत भरायचा. आंबटता ओळखायला त्याच्याकडं काय होतं? त्यानं चक्क आपली जीभ लावून बघितली. पोट रिकामं असताना आतल्या त्वचेला आंबट चव नव्हती, अन्न गेलं की लगेच आली. तो रस त्यानं मोठ्या प्राध्यापकांकडं तपासायला पाठवला. त्यात मिठाचं आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल सापडलं. लंडनचे विल्यम प्राउट यांनी प्राण्यांच्या पोटात तेच आम्ल आधी ओळखलं होतं. आता जिवंत माणसातही त्याची खात्री पटली. मार्टिन चिडला की पचनावर त्याचा परिणाम होतो, असंही बोमाँटनं लिहून ठेवलं. तो का चिडत असेल, हे आम्हाला विचाराल तर सरळ आहे.

1832 साली दोघांचा करार झाला. वर्षाला 150 डॉलर, शिवाय अन्न-वस्त्र-निवारा, आणि बदल्यात मार्टिननं प्रयोगांना ना म्हणायचं नाही. मार्टिनला लिहिता येत नव्हतं, त्यानं सहीच्या जागी फुली मारली. कर्जाच्या कागदावर न वाचता अंगठा उठवणाऱ्या बायका आपण पाहिल्यात, तेव्हा त्या फुलीचं वजन तुम्हाला वेगळं सांगायला नको. पुढच्या वर्षी, 1833 ला, बोमाँटचं पुस्तक आलं आणि त्याचं नाव झालं. मार्टिन शेवटी कॅनडाला आपल्या बायको-मुलांकडं गेला तो बोमाँटनं पुन्हा पुन्हा बोलावूनही परतला नाही. जखमेनंतर तो तब्बल 58 वर्षं जगला. 1880 ला वारला तेव्हा डॉक्टरांना त्याचं प्रेत हवं होतं. घरच्यांनी ते उन्हाळ्यात तसंच ठेवून मुद्दाम कुजू दिलं, म्हणजे कुणी मागणार नाही, आणि मग नेहमीपेक्षा खोल खड्डा खणून पुरलं.

पोट आंबट असतं हे कळलं, पण किती आंबट? चव काही आकड्यात सांगता येत नाही. तुमचं ताक आमच्यापेक्षा आंबट, हे भांडण न संपणारं आहे.

आकडा आला तो दारूच्या कारखान्यातून. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात कार्ल्सबर्ग या बिअर बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची प्रयोगशाळा होती. बिअर नीट आंबावी म्हणून आंबटता नेमकी मोजायची होती. तिथले रसायनतज्ज्ञ सोरेन्सन यांनी 1909 साली एक मोजपट्टी सुचवली. तिचं नाव पीएच. शेतकरी बायकांना हा शब्द वेगळ्या नावानं माहीत आहे. माती परीक्षणाच्या अहवालात "जमिनीचा सामू" असतो ना, तोच हा. शुद्ध पाण्याचा सामू 7. त्याखाली आम्ल, त्यावर क्षार. लिंबाचा रस 2 ते अडीचच्या आसपास, दही साधारण साडेचार, चुन्याची निवळी 12 च्या पुढं. या पट्टीत एक गंमत आहे. एक आकडा खाली आला की आंबटता एकानं नाही, दहा पटींनी वाढते. म्हणजे सामू 5 चं पाणी सामू 7 च्या पाण्यापेक्षा शंभरपट आंबट. सोरेन्सन यांच्या प्रयोगशाळेतल्या कामात त्यांच्या पत्नी मार्गरेट यांचाही हात होता. पट्टी मात्र एकट्या सोरेन्सन यांच्या नावावर चढली. असं घरोघरी होतं.

या पट्टीवर आपलं रक्त कुठं बसतं? 7.35 ते 7.45 च्या मध्ये. इतक्या चिंचोळ्या जागेत शरीर ते धरून ठेवतं, झोपेतसुद्धा. धरणारे दोन जण आहेत, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं. मशीनचं पाणी प्यालं तरी ते आधी जठरात पडतं, आणि जठराचा सामू असतो दीड ते साडेतीन. तिथं त्या पाण्याचा क्षार क्षणात मरतो. पेल्यात थेंब टाकून रंग बदलणं ही तर आपली हळदीचीच करामत. तो रंग पेल्यातल्या पाण्याबद्दल बोलतो, आपल्या रक्ताबद्दल नाही. आणि दवाखान्यात "ॲसिडिटी झाली" म्हणतात तेव्हा पोटातलं आम्ल वर अन्ननलिकेत चढलेलं असतं किंवा जठराची त्वचा चुरचुरत असते, रक्ताचा त्याच्याशी संबंध नाही.

मग रक्त कधीच आंबट होत नाही का? होतं. आणि झालं की जिवावर बेततं. त्याची गोष्ट पुन्हा कोपनहेगनचीच आहे.

1952 च्या उन्हाळ्यात त्या शहरात पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडम रुग्णालयात रोज नवी मुलं येत होती. पोलिओ पायात गेला तर माणूस लंगडतो, छातीच्या स्नायूंत गेला तर श्वासच थांबतो. श्वास देणारं पेटीसारखं यंत्र रुग्णालयात एकच होतं, आणि छातीवर बसवायची लहान यंत्रं सहा. पहिल्या काही आठवड्यांत श्वास अडलेले 31 रुग्ण या यंत्रांवर ठेवले, त्यातले 27 दगावले. प्रयोगशाळेत या मुलांच्या रक्तात एक गोष्ट फार वाढलेली दिसत होती, कार्बन डाय-ऑक्साइडचा एकूण साठा. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ रक्त क्षाराकडं झुकलंय असा लावला गेला. आजारच तसा, यंत्राचा दोष नाही, असं मानलं गेलं.

ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं असं की मुलं पुरेसा उच्छ्‌वास टाकू शकत नाहीत, म्हणून वायू आत साठतोय. सोडावॉटरच्या बाटलीचा विचार करा. वायू पाण्यात कोंडला की पाण्याला किंचित आंबूस चव येते. तसंच रक्ताचं. म्हणजे ही मुलं क्षारानं नाही, आंबटपणानं मरताहेत. दोघांत निर्णय कसा करायचा? रक्ताचा सामू थेट मोजून. 27 ऑगस्टला 12 वर्षांच्या एका मुलीवर इब्सेननं आपली पद्धत वापरली. तिच्या श्वासनळीला भोक पाडून नळी बसवली आणि रबरी पिशवी हातानं दाबत तिला श्वास दिला. ती सावरली. प्रयोगशाळेचे प्रमुख पाउल आस्ट्रुप यांनी सामूचं यंत्र मिळवून रक्त तपासलं. इब्सेनचं बरोबर निघालं, रक्त आंबटच झालेलं होतं.

पुढचं ऐकून अंगावर काटा येतो. इतक्या मुलांना श्वास द्यायला यंत्रं नव्हती, म्हणून साधारण दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून बसले. उशाशी बसायचं आणि पिशवी दाबायची, दिवस-रात्र, कित्येक महिने. मरणाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आज तालुक्याच्या पुढं मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभाग असतो, त्याची सुरुवात या साथीत झाली असं मानतात. मनगटाच्या धमनीतून रक्त काढून त्यातले वायू आणि सामू तपासतात, ती तपासणीही त्याच काळात घडत गेली. एका आकड्याचा अर्थ उलटा लावल्यामुळं मुलं जात होती आणि सरळ लावल्यामुळं वाचली. म्हणून मोजणं महत्त्वाचं, पण काय मोजलं तेही विचारलं पाहिजे.

बाळंतपणातही हा आकडा आला. जर्मनीत बर्लिनचे डॉक्टर एरिख सालिंग यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, कळा चालू असताना गर्भाशयाच्या तोंडातून बाळाच्या टाळूच्या कातडीवर बारीकसा छेद घेऊन थेंबभर रक्त काढायची रीत सुरू केली. बाळ गुदमरत असेल तर त्याचं रक्त आंबट होतं. सामू 7.20 च्या खाली गेला तर थांबायचं नाही, बाळ लवकर बाहेर काढायचं. अडलेल्या बाईच्या पोटातल्या बाळाची खबर त्याआधी फक्त ठोके ऐकून लागायची.

मात्र बघा, इथवर प्रत्येक वेळी काहीतरी फोडावं लागलं. भोक, छेद, सुई. आणि जे बाहेर काढलं ते बाहेर आल्यावर मोजलं. आत, जागच्या जागी, शरीराला न कळता आंबटता कशी दिसेल?

याचं बीज एका रशियन शास्त्रज्ञानं पेरलं होतं. इल्या मेचनिकॉव्ह. हाच तो, दही खाल्ल्यानं आयुष्य वाढतं असं सांगणारा, ज्याला 1908 चा नोबेल मिळाला. शरीरातल्या काही पेशी जंतूंना गिळून टाकतात हे त्यानं दाखवलं. त्यानं गिळणाऱ्या पेशींना निळ्या लिटमसचे कण चारले. कण पेशीच्या आत गेले आणि लाल झाले. पेशीच्या आतही एक इवलं जठर असतं, असा त्याचा अर्थ. पुढं 1955 मध्ये बेल्जियमच्या ख्रिस्तियान द दुव यांनी पेशीतल्या या पिशव्यांना लायसोसोम हे नाव दिलं. जुनी-पुराणी, मोडकी वस्तू विरघळवून पुन्हा वापरात आणायची, हे त्यांचं काम. आमच्या मते ते पेशीचं खत-खड्डं आहे. ते नीट चाललं नाही तर कचरा साठतो आणि त्यातून लहान मुलांना होणारे काही दुर्मीळ, जिवघेणे आजार उद्भवतात.

लिटमसचा रंग एवढ्याशा जागेत नीट दिसत नाही. तिथं उजेड कामाला आला. बँकेत नोट तपासायला जांभळा दिवा असतो तो तुम्ही पाहिलाय. नोट त्याखाली धरली की नंबर आणि काही बारीक धागे चमकतात. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ते पितात आणि दिसणारा प्रकाश परत देतात. तेलात विरघळलेली हळद धरली तर तीही चमकते. अशा रंगांपैकी फ्लुओरेसिन नावाचा एक रंग जर्मनीत अडॉल्फ फॉन बायर यांनी 1871 ला बनवला. क्षारात तो हिरवा झगमगतो आणि आंबट जागी मंदावतो.

1978 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात शोजी ओकुमा आणि ब्रायन पूल या दोघांनी हा रंग साखरेच्या लांब साखळीला चिकटवून उंदराच्या गिळणाऱ्या पेशींना चारला. तो लायसोसोममध्ये जाऊन बसला. मग बाहेरून प्रकाश टाकून त्यांनी चमक मोजली आणि आकडा काढला, सुमारे 4.7 ते 4.8. पेशी जिवंत, खड्डं न उकरता आतला सामू हाती. पण एक अडचण होती. चमक कमी दिसली तर ती आंबटपणामुळं की रंगच कमी गेल्यामुळं? त्यांनी दोन वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकून दोन चमकींचं गुणोत्तर घेतलं. रंग कमी-जास्त असला तरी गुणोत्तर बदलत नाही. भाकरीचं पीठ थोडं घ्या की जास्त, पाण्याचं प्रमाण तेच, तसं.

रंग उघडा पेशीत सोडला तर तो पेशीतल्या प्रथिनांना चिकटतो, कधी पेशीला त्रासही देतो. त्यावर अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठात राऊल कोपलमन यांच्या गटानं 1990 च्या दशकात उपाय काढला. हेदर क्लार्क ही तेव्हाची तरुण संशोधक त्यात पुढं होती. त्यांनी चमकणारा रंग सच्छिद्र मण्यांत बंद केला. आंबटपणा छिद्रातून आत येतो, रंग मात्र बाहेर पडत नाही. मणी केवढे? डोक्याच्या एका केसाच्या जाडीत शंभर नॅनोमीटरचे सातआठशे मणी ओळीनं बसतील. नॅनो-संवेदक म्हणतात ते हेच. मार्टिनला गोळी लागली ते मॅकिनॉ बेटही मिशिगनमध्येच.

यानंतरची पायरी आपल्या देशात घडली. यमुना कृष्णन, जन्म केरळचा, शिक्षण चेन्नईच्या महिला महाविद्यालयात, पीएचडी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. 2005 ला त्या बंगळुरूच्याच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात रुजू झाल्या. त्या मूळच्या रसायनशास्त्राच्या. त्यांनी डीएनएकडं आनुवंशिकता म्हणून पाहिलं नाही, दोरा म्हणून पाहिलं. दोरा कसा विणावा, कुठं वाकवावा हे ठरवता येतं. डीएनएचा एक विशिष्ट तुकडा आंबट जागी आपोआप दुमडतो, हे आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी त्यापासून केसांच्या चापासारखी वस्तू बनवली. एका टोकाला हिरवा चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला लाल. चाप उघडा असताना टोकं लांब असतात आणि हिरवा चमकतो. आंबट जागी चाप मिटतो, टोकं जवळ येतात, हिरवा आपली ऊर्जा लालला देऊन टाकतो आणि लाल उजळतो. हिरवं किती आणि लाल किती, यावरून सामू काढायचा. सौविक मोदी आणि बाकी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 2009 मध्ये हे छापलं तेव्हा तो चाप पिकलेल्या केळ्यांवर बसणाऱ्या चिलटाच्या पेशींत चालवून दाखवला होता.

टीकाकारांचा प्रश्न ठरलेला होता, काचेच्या बशीतल्या पेशीत चाललं, पण जिवंत प्राण्यात? डीएनएचं यंत्र शरीर गिळून टाकेल. 2011 ला त्याचं उत्तर आलं. मातीत राहणारा, एक मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक, निरुपद्रवी असा एक जंत शास्त्रज्ञ वापरतात. त्याच्या अंगात सहा सफाई-पेशी असतात, अंगात जे काही परकं फिरेल ते त्या गिळतात. चाप टोचला, पेशींनी तो गिळला आणि तो आत आत जाताना पिशव्या कशा अधिकाधिक आंबट होत गेल्या, हे जिवंत जंतात बाहेरून दिसलं. शरीर गिळणार हीच भीती होती आणि त्यांनी गिळण्याचाच उपयोग करून घेतला. आमच्या गटात हे वाचून दाखवलं तेव्हा एक आजी म्हणाली, "म्हणजे सासूच्या हातून सुनेचं काम काढलं." या कामात संध्या कौशिका यांचाही सहभाग होता. त्या पुढं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागल्या. यमुना कृष्णन यांना 2013 ला भटनागर पुरस्कार मिळाला. 2014 ला त्या शिकागो विद्यापीठात गेल्या. तिथं त्यांच्या गटानं नीमन-पिक या दुर्मीळ आजाराच्या रुग्णांच्या कातडीच्या पेशी घेऊन लायसोसोममधला सामू आणि क्लोराइड एकाच वेळी मोजायची रीत 2019 ला मांडली. मघाशी ज्या खत-खड्ड्याचे आजार म्हणालो, त्यातलाच हा एक.

आता पुन्हा त्या मशीनवाल्याकडं. "आंबट रक्तात कॅन्सर वाढतो" हे त्याचं वाक्य अगदी हवेतून आलेलं नव्हतं. 1920 च्या दशकात बर्लिनला ओटो वारबुर्ग यांनी दाखवलं की कॅन्सरच्या गाठी साखर भराभर खातात आणि दह्यात असतं तेच लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. म्हणून गाठीच्या आसपासचा सामू रक्तापेक्षा खाली असतो. पण ही आंबटता गाठ स्वतः करते, तिथल्या तिथं. रक्ताचा आकडा त्यानं बदलत नाही आणि पाणी पिऊन गाठीभोवतीची आंबटता धुतली जात नाही. विक्रेत्यानं कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली, झालं.

शास्त्रज्ञांनी मात्र याच आंबटतेचा उपयोग केला. अंधारात मोबाइलची बॅटरी तळहाताखाली धरली तर बोटं लाल दिसतात, कारण रक्त-मांसातून लाल उजेडच काय तो पार होतो. त्याच्याही पुढचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी थोडा खोलवरून येतो. जंत पारदर्शक होता, माणूस नाही, म्हणून माणसासाठी असाच प्रकाश देणारा रंग निवडावा लागला. अमेरिकेत डॅलसच्या विद्यापीठात जिनमिंग गाओ यांच्या गटानं असा रंग पोटात घेतलेले नॅनोकण बनवले. रक्ताच्या सामूला ते गच्च मिटलेले आणि विझलेले असतात. सामू 6.9 च्या खाली उतरला की विखुरतात आणि पेटतात. मध्ये मंद-मंद असं काही नाही, दिवा एक तर बंद किंवा चालू.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथं डॉक्टरांनी हे कण 30 रुग्णांना शिरेतून दिले. त्याचा अहवाल 2020 मध्ये छापून आला. काहींना तोंड-घशाचा कॅन्सर होता, काहींना स्तनाचा, काहींना आतड्याचा, काहींना अन्ननलिकेचा. एकच कण या सगळ्या गाठींत उजळला, कारण तो कॅन्सरची जात विचारत नव्हता, आंबटता विचारत होता. स्तनाची गाठ काढताना सर्जनपुढं मोठा प्रश्न असतो तो काठाचा. किती कापायचं? जास्त कापलं तर स्तन जातो, कमी कापलं तर अंश राहतो. आणि राहिला का, हे प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर, कित्येक दिवसांनी कळतं. मग त्याच बाईला पुन्हा टेबलावर घ्यायचं. आपल्या ओळखीत अशी दुसऱ्यांदा भूल घेतलेली बाई प्रत्येकीच्या असेल.

ग्रोनिंगनला अवरक्त प्रकाश टिपणारा कॅमेरा वापरला. जिथं काठाला गाठीचा अंश उरला होता तिथं उजेड दिसला, आणि नेहमीच्या तपासणीतून सुटल्या असत्या अशा काही जागाही त्यानं दाखवल्या. कातडी आणि चरबी काळी, आणि मध्ये तेवढाच एक ठिपका पांढरा.